यवनांची कुळकथा आणि आमचे व्याख्याते

गेल्या महिन्यांत आमच्या गांवांतील एका व्याख्यानमालेंत 'ग्रीक संस्कृतीचा उगम' या विषयावर व्याख्यान झालें. सभागृह खच्चून भरलें होतें. वक्ते वाक्पटु, आवाज खणखणीत, आणि टाळ्यांस तर खळच नव्हता. दीड तासाच्या अवधींत वक्त्यांनीं असें सिद्ध केलें कीं, ग्रीक लोक म्हणजे मूळचे भारतांतून गेलेले क्षत्रिय. हर्क्यूलिस म्हणजे आपला हरिकुलेश. मॅसिडोनिया म्हणजे मगध. पायथॅगोरस हा काशीस येऊन भूमिति शिकून गेला. आणि होमरचें महाकाव्य म्हणजे परमुलखांत जाऊन थोडीशी विटलेली रामायणाची प्रत. आम्ही तिसऱ्या रांगेंत बसलों होतों. आम्ही टाळी वाजवीत नाहीं हें पाहून शेजारच्या गृहस्थांनीं आमच्याकडे दोनदां संशयानें पाहिलें, हेंही नमूद केलें पाहिजे.

व्याख्यान संपल्यावर बाहेर जोड्यांच्या ढिगापाशीं आमचा एक विद्यार्थी भेटला. मुलगा हुशार, वाचणारा. तो म्हणाला, "सर, आपल्या पुस्तकांत लिहिलें आहे कीं ग्रीकांनीं सगळें स्वतःच निर्माण केलें. हे म्हणतात सगळें आपल्याकडून नेलें. मग पेपरांत काय लिहूं ?" त्या गर्दींत आम्हीं त्यास "दोन्हीही लिहूं नकोस" एवढेंच उत्तर दिलें, आणि तो हिरमुसला होऊन निघून गेला. घरीं आल्यावर आमचें आम्हांसच वाईट वाटलें. ज्या मुलास एका हातानें एक असत्य व दुसऱ्या हातानें दुसरें असत्य दिलें जातें, त्याला 'दोन्ही नको' एवढें सांगून त्याची ओंजळ रिकामी ठेवणें हा कांहीं शिक्षकाचा धर्म नव्हे. तें देणें फेडण्यासाठीं हा लेख.

प्रथम पुस्तकाकडे वळूं. वक्त्यांचा प्रमाद हा त्या पुस्तकी प्रमादाचेंच अपत्य आहे, आणि बापास सोडून मुलास मारणें न्यायाचें होणार नाहीं. ग्रीक संस्कृति ही स्वयंभू लिंगाप्रमाणें एकाएकी भूमींतून वर आली, तिला ना आई ना बाप ना शेजार, ही कल्पना ग्रीकांची नव्हे. ती अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील युरोपची आहे. विंकेलमान या जर्मन पंडितानें 1764 सालीं प्राचीन कलेचा इतिहास लिहून ग्रीक कलेच्या शांत व उदात्त सौंदर्याचें जें स्तोत्र गाइलें, त्यानें अर्धा युरोप भारला गेला. हा गृहस्थ ग्रीसला मात्र जन्मांत कधीं गेला नाहीं. रोमला बसून, बहुतांशीं रोमन काळांतील नकला पाहून, त्यानें ग्रीसचें दर्शन घेतलें. पुढें फ्रान्सांत रनांनें 'ग्रीक चमत्कार' हा शब्द प्रचारांत आणला. आणि सर हेन्री मेन, जो कांहीं वर्षें कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारचा कायदेविषयक सभासद होता, त्यानें 1875 सालीं केंब्रिज येथें व्याख्यान देतांना, जगांत जी जी म्हणून गति आहे तिचें मूळ ग्रीसांतच सांपडावयाचें, अशा आशयाचा सिद्धांत ठोकून दिला. ज्या देशाचें अन्न सात वर्षें खाल्लें त्या देशांत त्याला निसर्गाच्या आंधळ्या शक्तींपलीकडे कांहीं हालतांना दिसलें नाहीं, ही दृष्टीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. आमचीं पाठ्यपुस्तकें या परंपरेचीं नातवंडें होत.

या 'शुभ्र' ग्रीसचा एक मासला येथें द्यावासा वाटतो. ग्रीक मूर्ति पांढऱ्या नव्हत्या. त्या तांबड्या, निळ्या, सोनेरी रंगांनीं रंगविलेल्या असत, हें आज निर्विवाद आहे. आपल्याकडील देवळांतील रंगविलेल्या मूर्ति पाहून नाकें मुरडणाऱ्या साहेबांस अथेन्सच्या अथेनादेवीचें मूळ रूप पाहून घेरीच आली असती. परंतु युरोपास पाहिजे होता संगमरवरी पांढरेपणा. 1937-38 सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें पार्थेनॉनच्या मूर्तींसाठीं नवें दालन बांधण्यांत येत होतें. दालनाचा खर्च देणाऱ्या धनिकास मूर्ति पुरेशा पांढऱ्या वाटेनात. तेव्हां कामगारांकडून तांब्याच्या हत्यारांनीं व कार्बोरंडमनें त्यांतील कांहीं मूर्ति खरडण्यांत आल्या, आणि शतकानुशतकें दगडावर चढलेला मधासारखा पिवळसर थर निघून गेला. प्रकरण उघडकीस आल्यावर काम थांबलें. पण खरडलेलें परत येत नाहीं. इतिहासाचीही खरडपट्टी त्याच हातांनीं, त्याच हौसेनें झाली आहे. मूर्तीवरून रंग काढला, आणि इतिहासावरून शेजारी काढले.

खुद्द ग्रीकांस अशी लाज नव्हती. इतिहासाचा जनक म्हणून ज्याला मान देतात तो हिरोडोटस स्पष्ट लिहितो कीं, अक्षरें आम्हीं फिनिशियन लोकांपासून घेतलीं. भूमिति मिसरांतून आली. शंकुछायेनें काल मापण्याची युक्ति व दिवसाचे बारा भाग हें बाबिलोनचें. देवांचीं नांवेंसुद्धां बहुतेक मिसरचीं, असें तो म्हणतो, आणि येथें त्याची उदारता पुराव्याच्या पुढें धांवते, हें आपण पुढें पाहूं. पांचशें वर्षांनीं प्लूटार्कला या औदार्याचा इतका राग आला कीं त्यानें हिरोडोटसला 'परकीयांचा लाडका' ठरवून त्याच्या दुष्टबुद्धीवर एक निबंधच लिहिला. स्वदेशाच्या इतिहासांत परक्यांचें ऋण कबूल करणाऱ्यास शिव्या मिळणें हा प्रकार कांहीं आमच्याच काळांत सुरू झालेला नाहीं, हें वाचून मनाला थोडें बरें वाटतें.

आतां जमिनींतून काय निघालें तें पाहूं. श्लीमाननें 1876 सालीं मायसिनी येथें सोन्याचे मुखवटे उकरले, आणि आर्थर एव्हन्सनें 1900 सालापासून क्रीट बेटावर नोसॉसचा राजवाडा उकरला, तोंपर्यंत ग्रीसचा इतिहास पहिल्या ऑलिंपिक सामन्यापासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व 776 पासून, मोजीत असत. एकाएकी तो हजार-बाराशें वर्षें मागें गेला. नोसॉसला मातीच्या पाट्या निघाल्या. त्यांवर दोन प्रकारच्या लिपि होत्या. जुनी आजही कोणास वाचतां आलेली नाहीं. नवीसंबंधीं एव्हन्सचें ठाम मत असें होतें कीं ती ग्रीक असणें शक्यच नाहीं. क्रीटची थोर संस्कृति निराळीच, आणि मुख्य भूमीवरील मायसिनी ही तिची एक वसाहत. एव्हन्स हा आपल्या क्षेत्रांतला सार्वभौम होता. त्याच्याविरुद्ध बोलणें म्हणजे पोटावर पाय आणून घेणें.

ही लिपि वाचली ती कोणा प्राध्यापकानें नव्हे, हें आम्ही स्वतः प्राध्यापक असल्यामुळें जरा चांचरतच सांगतों. ती वाचली मायकेल व्हेंट्रिस या घरें बांधण्याचें शास्त्र शिकलेल्या तरुणानें. चौदा वर्षांचा असतांना त्यानें एव्हन्सला पाट्या दाखवितांना पाहिलें होतें, आणि तेव्हांपासून तें वेड त्याच्या डोक्यांत शिरलें होतें. अमेरिकेंतील ॲलिस कोबर या बाईंनीं शब्दांचीं अंत्यरूपें जुळवून पाया घालून ठेवला होता. व्हेंट्रिसचा स्वतःचा ग्रह असा होता कीं ही भाषा इटलींतील एट्रुस्कन भाषेची कोणी नातलग असावी. हा ग्रह त्यानें वर्षानुवर्षें बाळगला. परंतु 1952 सालीं चिन्हें एकेक करून बसूं लागलीं तेव्हां त्यांतून ग्रीक शब्द निघूं लागले. तो दचकला, पुनः पुनः ताडून पाहिलें, आणि शेवटीं नभोवाणीवरून त्यानें जगास सांगितलें कीं ही भाषा ग्रीकच आहे. आपलें आवडतें मत पुराव्यापुढें खालीं ठेवणें ही गोष्ट सांगावयास सोपी आहे. आमच्या व्याख्यानमालेंत दीड तासांत ती एकदांही घडली नाहीं.

आणि त्या पाट्यांत काय होतें ? काव्य नव्हतें, तत्त्वज्ञान नव्हतें. होता तो हिशेब. मेंढ्या किती, लोंकर किती, रथाचीं चाकें किती शाबूत व किती मोडकीं, कोणत्या देवास किती तेल व मध. नोसॉसच्या पाट्यांतील मेंढ्यांची बेरीज लाखाच्या आसपास जाते. कुळकर्ण्याचें दप्तरच म्हणा ना ! राजवाडे जळाले म्हणून या कच्च्या पाट्या भाजून निघाल्या आणि टिकल्या. एरवीं त्या पुढच्या पावसांत विरघळून जावयाच्या. पण त्या दप्तरांतही गंमत आहे. झ्यूस, हीरा, पोसायडन हीं नांवें तेथें आहेत. आणि ज्याला पंडित मागाहून आलेला परका देव समजत होते तो डायोनायससही आहे. म्हणजे देवांचीं नांवें मिसरांतून आलीं हें हिरोडोटसचें म्हणणें टिकत नाहीं. उलट सोनें, अंगरखा, तीळ यांचे त्या पाट्यांतील शब्द मात्र सेमेटिक भाषांतून घेतलेले आहेत. देव घरचे आणि सोनें, कापड व तीळ बाजारचे ! ख्रिस्तपूर्व तेराव्या-चौदाव्या शतकांतच ग्रीक भाषेच्या पदरांत परमुलखांतील गांठोडें बांधलेलें होतें.

तें गांठोडें कसें येत असे हेंही आतां पाहावयास मिळतें. 1982 सालीं तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलूबुरून येथें स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यास समुद्राच्या तळाशीं धातूचे चौकोनी, कान असलेले तुकडे दिसले. पुढें दहा वर्षें खपून जें जहाज वर काढलें तें ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचें निघालें. त्यावर सुमारें 10 टन तांबें, तेंही सायप्रसचें. 1 टन कथील. निळ्या कांचेचे गोळे, हस्तिदंत, आबनूस, मिसरचें सोनें, कनानी घागरी. आणि वस्तूंवरून असें दिसतें कीं कोणी मायसिनीकडील प्रवासीही. तांबें दहा आणि कथील एक, हें कांशाचें बरोबर प्रमाण आहे. 'चमत्कार' या शब्दाला या जहाजानें जो धक्का दिला तो शंभर निबंधांनीं दिला नसता.

ख्रिस्तपूर्व 1200 च्या सुमारास हे राजवाडे जळाले. कोणी जाळले याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि येथें आम्हांस त्याचें कारण नाहीं. महत्त्वाची गोष्ट ही कीं राजवाड्यांबरोबर लिपिही मेली. सुमारें 90 चिन्हांची ती किचकट विद्या कारकुनांच्या हातीं होती. कारकुनांचा धनी गेला, विद्या गेली, आणि तिच्यावांचून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. पुढें चारशें वर्षें ग्रीस निरक्षर होता. निरक्षर होता, पण एकटा नव्हता. यूबिआ बेटावर लेफ्कांडी येथें ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकांतील सुमारें 50 मीटर लांबीचें एक वास्तु सांपडलें आहे. त्यांत पुरलेल्या स्त्रीच्या गळ्यांतील दागिना बाबिलोनी घडणीचा, तिच्याहून किती तरी शतकें जुना. ज्यास 'अंधारयुग' म्हणतात त्या काळांतही या बाईच्या गळ्यांत पूर्वेचें सोनें होतें.

मग आठव्या शतकांत अक्षरें पुनः आलीं, आणि या वेळीं तीं फिनिशियन व्यापाऱ्यांकडून आलीं. अल्फा, बीटा या नांवांस ग्रीक भाषेंत कांहींच अर्थ नाहीं. फिनिशियन भाषेंत अलेफ म्हणजे बैल आणि बेत म्हणजे घर. मूल जसें बापाचें आडनांव अर्थ न विचारतां लावतें तसें ग्रीकांनीं हीं नांवें लाविलीं. फिनिशियन लिपींत स्वरांस चिन्हें नव्हतीं, व्यंजनेंच लिहीत. ग्रीकांच्या तोंडीं ज्या फिनिशियन व्यंजनांचे उच्चार नव्हते तीं अक्षरें त्यांनीं स्वरांकडे वळविलीं. बैलाच्या डोक्याचा 'अ' झाला. एवढाच फेरफार. पण त्यामुळें वीस-पंचवीस चिन्हांत बोललेला शब्द जसाच्या तसा, त्याच्या छंदासकट, उतरतां येऊं लागला. आणि आतां लिहिणारा कारकून राहिला नाहीं. अथेन्सला 1871 सालीं एक मातीची सुरई सांपडली. ती ख्रिस्तपूर्व 740 च्या सुमाराची. तिच्यावर पद्यांत ओरखडलें आहे कीं, सर्वांत हलक्या पावलांनीं जो नाचेल त्याला ही बक्षीस. ग्रीक अक्षरांतील अगदीं आरंभीच्या लेखांपैकीं हा एक, आणि त्यांत मेंढ्या नाहींत ! इटलीजवळच्या इस्किया बेटावर 1954 सालीं निघालेल्या तशाच एका जुन्या प्याल्यावरही पद्यच आहे, थट्टेचें आणि प्रेमाचें. राजवाड्याचें दप्तर जळून गेल्याखेरीज ही सुरई झाली नसती, असें आम्हांस वाटतें.

ग्रीकांचें थोरपण शोधावयाचें तर तें येथें शोधावें. उसनें किती आणलें हें मोजीत बसल्यास त्यांची मूर्तिकलाही मिसरची: डावा पाय पुढें, मुठी वळलेल्या, नजर समोर. परंतु मिसरच्या शिल्पकारानें मूर्तीच्या पाठीमागें व पायांमध्यें सोडलेला दगड ग्रीकानें कोरून काढला आणि मूर्तीस आपल्या पायांवर उभें केलें. शंभर-सवाशें वर्षांत ती चालूं लागली. देवांच्या तीन पिढ्यांचें भांडण, बापास पदच्युत करून मुलानें गादी घेणें, ही हेसिअडची कथा हिट्टाइट लोकांच्या मृत्तिकापटांवर त्याच्या शेंकडों वर्षें आधीं लिहिलेली सांपडली. नाणें लिडियाचें. आणि पहिला तत्त्वज्ञ म्हणून ज्याचें नांव घेतात तो थेलीस मिलेटसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतला. हिरोडोटस तर त्याचा वंश फिनिशियन असल्याचें सांगतो. 'युरोपच्या बुद्धीची पहांट' आशियाच्या किनाऱ्यावर झाली, हें पाठ्यपुस्तकवाल्यांनीं नकाशा उघडून एकदां पाहावें.

पण काटकोन त्रिकोणाचें उदाहरण घेऊं, कारण वक्त्यांनींही तें घेतलें होतें. कर्णावरील चौरसाचा नियम पायथॅगोरसच्या हजारांहून अधिक वर्षें आधीं बाबिलोनच्या लोकांस ठाऊक होता; ख्रिस्तपूर्व 1800 च्या सुमाराच्या एका मृत्तिकापटावर अशा त्रिकोणांचे पंधरा आंकड्यांचे गट ओळीनें लिहिलेले आहेत. आमच्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांतही तो नियम स्वच्छ शब्दांत आहे. तेव्हां नियमाच्या मालकीसाठीं भांडण्यांत अर्थ नाहीं. ग्रीकांनीं निराळें काय केलें ? त्यांनीं विचारलें, 'कशावरून ?' नियम शंभर वेळां खरा ठरला एवढ्यानें त्यांचें समाधान होईना; तो सदैव खराच असला पाहिजे हें पायरीपायरीनें पटवून द्या, असा त्यांचा आग्रह. यूक्लिडचा ग्रंथ या आग्रहाचा मेरुमणि आहे. आणि हा आग्रह भूमितींत आला तो आमच्या मतें चावडीवरून आला. क्रीटमधील ड्रीरॉस या लहानशा नगराच्या देवळाच्या भिंतीवर ख्रिस्तपूर्व 650 च्या सुमारास एक कायदा कोरला गेला: एकदां मुख्याधिकारी झालेल्यानें दहा वर्षें पुनः तें पद धारण करूं नये. हा ग्रीसांतील अगदीं जुन्या कोरीव कायद्यांपैकीं एक. राजाच्या स्तुतीचा नव्हे, अधिकाऱ्यास वेसण घालण्याचा. आणि भर चौकांत, जाणारायेणाराला वाचतां यावा म्हणून. जेथें अधिकारी नागरिकांपुढें जाब देतो तेथें गणितीही देऊं लागतो. कोलोफॉनचा झेनोफानीज म्हणत असे कीं, हबशांचे देव काळे व थ्रेसवाल्यांचे देव निळ्या डोळ्यांचे असतात, आणि बैलांस चित्रें काढतां आलीं असतीं तर त्यांचे देव बैलासारखे झाले असते. असें उघड म्हणून तो म्हातारा होईपर्यंत जगला, ही गोष्ट आम्ही लहान समजत नाहीं.

याच नगरांत बायकांना मत नव्हतें. लॉरिअमच्या चांदीच्या खाणींत गुलाम खपत होते, आणि ती चांदी अथेन्सच्या आरमारांत व पार्थेनॉनच्या काळच्या वैभवांत मुरली होती. ॲरिस्टॉटलसारखा पुरुष कांहीं माणसें जन्मतःच दास असतात असें लिहून गेला, आणि सॉक्रेटिसाला त्याच लोकसत्तेच्या पंचांनीं विष पाजलें. जातिभेदाबद्दल आम्हांस शिकविणाऱ्यांनीं हेंही त्याच धड्यांत शिकवावयास हवें होतें.

चमत्कारवाद्यांवर उलटलेली एक लाटही युरोप-अमेरिकेंत येऊन गेली. मार्टिन बर्नाल यानें 1987 पासून मोठमोठे खंड लिहून, ग्रीस हें मिसरच्या व फिनिशियन वसाहतींतून घडलें व जर्मन पंडितांनीं वंशाभिमानानें तें दडपलें, असें प्रतिपादन केलें. दडपल्याचा आरोप पुष्कळ अंशीं खरा. वसाहतींचा पुरावा मात्र लंगडा, आणि त्याच्या व्युत्पत्ति भाषाशास्त्रज्ञांस पटल्या नाहींत. 2017 सालीं जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तींत क्रीटचे व मायसिनीचे लोक एकमेकांचे जवळचे नातलग निघाले. दोघांचाही निदान तीन चतुर्थांश वारसा एजियन व पश्चिम आनातोलियाच्या आद्य शेतकऱ्यांचा. मायसिनीच्या लोकांत उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचा थोडा अंश अधिक, पण जुन्या जर्मन ग्रंथांतील तो पिंगट केसांचा विजयी टोळधाडीचा देखावा त्यांत कोठें दिसत नाहीं. एव्हन्सचा भेदही गेला आणि बर्नालच्या वसाहतीही गेल्या. भारतीय क्षत्रियांचा तांडा तर तेथें कोणास आढळलाच नाहीं.

आतां वक्त्यांकडे. त्यांच्या भाषणाचा कणा होता तो नांवांच्या सारखेपणाचा. मॅसिडोनिया आणि मगध ! सभा या ठिकाणीं उचंबळून आली. वक्त्यांनीं हा शोध कोठून आणला तें सांगितलें नाहीं; आम्ही सांगतों. 1852 सालीं लंडनमध्यें एडवर्ड पोकॉक या इंग्रजानें 'ग्रीसमधील हिंदुस्थान' या अर्थाच्या नांवाचें पुस्तक छापलें. त्यांत ग्रीसांतील डोंगर, नद्या, जमाती यांचीं नांवें पकडून त्यानें त्यांस बिहारापासून काश्मीरापर्यंत एकेक घर दिलें आहे. मगध-मॅसिडोनियाची जोडी त्याच्याच दुकानांतली. पंडितांनीं तें पुस्तक तेव्हांच बाजूस टाकलें. म्हणजे ज्यास आम्ही स्वदेशाभिमान म्हणून टाळ्या दिल्या तो दीडशें वर्षांपूर्वीं विलायतेंत टाकून दिलेला माल होता ! परदेशी कापडाची होळी करणाऱ्यांच्या नातवांनीं परदेशी चिंध्यांची गुढी उभारावी, यापरता विनोद कोणता ?

नांवें सारखीं वाटणें हा पुरावा कां नव्हे, हें घरांतील बायामाणसांसही कळेल अशा एका उदाहरणानें सांगतां येतें. संस्कृत 'देव' व ग्रीक 'थेऑस', दोहोंचा अर्थ एक, ध्वनि जवळजवळ एक. कानाला विचारा, तो म्हणेल सख्खे भाऊ. प्रत्यक्षांत त्यांचा कांहीं संबंध नाहीं. 'थेऑस' निराळ्याच धातूपासून आला आहे. उलट 'अश्व' आणि 'हिप्पॉस' यांत एक अक्षर सारखें नाहीं, पण ते खरोखरच एका पोटचे. आणि मौज अशी कीं व्हेंट्रिसनें वाचलेल्या त्या पाट्यांत घोड्यास 'इक्वो' असा शब्द निघाला, तेव्हां दोघांच्या मधला हरवलेला दुवा हातांत आला. 'द्यौः' आणि 'झ्यूस' यांचें नातेंही असेंच नियमांनीं बांधलेलें आहे. हे नियम कान देत नाहीं. विल्यम जोन्सनें 1786 सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें सांगितलें, तेव्हां तें मूळ कदाचित् आज उरलेलेंही नसेल असें त्यानेंच पुढें जोडलें होतें. संस्कृत ही ग्रीकची बहीण ठरली. आमच्या वक्त्यांस बहीण पुरेना. त्यांस आईच पाहिजे होती.

पायथॅगोरसच्या काशीयात्रेचें काय ? पायथॅगोरसनें स्वतः लिहिलेली एक ओळ शिल्लक नाहीं. त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाच्या गोष्टी त्याच्यानंतर शेंकडों वर्षांनीं लिहिणारांच्या आहेत, आणि त्याच लेखकांपैकीं कोणी त्याची मांडी सोन्याची होती असेंही सांगतात. एक घ्यावयाचें तर दुसरेंही घ्या.

आम्हांस राग येतो तो या खोट्या दागिन्यांचा इतका नाहीं, जितका त्यांच्यापायीं पेटींत कुजत पडलेल्या खऱ्यांचा. यवन आणि आम्ही यांचा व्यवहार खरोखर झाला आहे. तो दोन्हीकडून झाला आहे, आणि त्याचीं प्रमाणें आमच्या उंबऱ्याशीं आहेत. विदिशेजवळ बेसनगरला ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील हेलिओडोरस यानें वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःस भागवत म्हणवून घेतलें. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहांत जा. तेथील कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनीं दान दिलेले आहेत, आणि त्यांचीं नांवें पाहा, सिंहधय, यशोवर्धन, धम्म. जुन्नरला आहेत, नाशिकच्या लेण्यांत आहेत. दरवर्षीं हजारों माणसें एकवीरेच्या दर्शनास जातांना त्या खांबांवरून हात फिरवून पुढें जातात. आमच्या वक्त्यांच्या दीड तासांत कार्ल्याचें नांव आलें नाहीं; आलें असतें तर यवन इकडे येऊन बौद्ध झाले हें सांगावें लागलें असतें, आणि तें खरें असल्यामुळें बहुधा नीरस वाटलें असतें.

आणि उलट दिशेनें ? घरांत मुलीचें लग्न ठरवितांना पत्रिकेंत जें 'जामित्र' पाहतात, ज्या 'होरे'वर मुहूर्त धरतात, ज्योतिषांतील 'केंद्र', कलेस पूर्वीं म्हणत ती 'लिप्ता', हे सारे शब्द ग्रीक आहेत. विहिरीसाठीं खडक फोडतांना लावतात तो 'सुरुंग' ग्रीक. आणि तुकारामबोवांच्या काळापासून सर्वांच्या तोंडीं असलेला 'दाम' ग्रीक 'द्राख्मे' या नाण्याचा, 'द्रम्म' या वाटेनें आलेला, पणतू. वराहमिहिरानें हें लपविलें नाहीं. यवन हे म्लेंच्छ खरे, पण हें शास्त्र त्यांच्या ठायीं उत्तम प्रकारें आहे म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य होत, असा अभिप्राय त्यानें बृहत्संहितेंत आदरानें नमूद केला. रोमक सिद्धांतास त्यानें आपल्या ग्रंथांत जागा दिली. त्याच्या देशाभिमानास त्यानें कमीपणा आला असें पंधराशें वर्षांत कोणी म्हटलें नाहीं. हिरोडोटस आणि वराहमिहिर या दोघांस एका व्यासपीठावर बसविलें असतें तर त्यांचें चांगलें जमलें असतें. अडचण झाली असती ती मेन साहेबांची आणि आमच्या वक्त्यांची.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं परवां बोलावून घेतलें आणि हें सर्व सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें, सुरईची गोष्ट पुनः विचारली, आणि मग म्हणाला, "पण सर, हें चार गुणांत कसें बसवावयाचें ?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, तो प्रश्न आम्ही प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींपुढें, म्हणजे पर्यायानें स्वतःपुढेंच, ठेवीत आहों. वक्त्यांस मात्र आमची एक विनंती आहे. मॅसिडोनिया-मगधाच्या समर्थनार्थ पोकॉकच्या पुस्तकाआधींचा एक तरी आधार, शिलालेख असो, नाणें असो, ग्रंथांतील ओळ असो, त्यांनीं दाखवावा. याच मासिकाच्या संपादकांस सांगून आम्ही तो ठळक अक्षरांत छापवूं, आणि सभेंत उभे राहून टाळीही वाजवूं. त्यांचें पुढील व्याख्यान 'रोमचा उदय' या विषयावर आहे असें कळतें. राम आणि रोम यांत एका मात्रेचेंच अंतर असल्यामुळें आम्ही आतांपासूनच भीत आहों.